जुने सामान आणि नवी लाज

आमच्या समाजात जुन्या वस्तूंविषयी एक विलक्षण विसंगती सुखाने नांदत आहे. जुना तांदूळ आम्ही मुद्दाम शोधून आणतो, मुरलेल्या लोणच्याची पंगतीत वाखाणणी करतो, आणि आजीची पैठणी नातीच्या अंगावर पाहून डोळे पुसतो. परंतु दुसऱ्याच्या घरून उतरलेली सागवानी खुर्ची रोख पैसे मोजून विकत आणली, असे चारचौघांत सांगण्याची पाळी आली की याच गृहस्थांची जीभ अडखळू लागते. मग कोणी ती खुर्ची 'वडिलोपार्जित' म्हणून खपवितो, तर कोणी 'अँटिक' या परक्या शब्दाचा शेला तिच्या खांद्यावर टाकून तिची अब्रू झाकतो. 'चांगली होती, वापरलेली होती, स्वस्तात मिळाली, म्हणून घेतली,' एवढे सरळ वाक्य उच्चारणारा मनुष्य आमच्या मध्यम वर्गात विरळा. या लाजेची चिकित्सा करावी असे आम्ही योजिले आहे, आणि ती करताना विकणारा, घेणारा व मधला दुकानदार यांपैकी कोणाचीही भीड धरण्याचा आमचा इरादा नाही.

विषय हवेत राहू नये म्हणून तो एका ठिकाणी उभा करू. पाली म्हटले की पुष्कळांस अष्टविनायकांतील बल्लाळेश्वराची पाली आठवते. आम्ही म्हणतो ती पाली रत्नागिरी तालुक्यातील. रत्नागिरीहून हातखंब्यावरून पुढे सुमारे वीस किलोमीटर गेले की हे गाव लागते, आणि तेथे वाट दुभंगते: एक लांजा-राजापुरावरून गोव्याकडे उतरते, दुसरी नाणीज-साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूर गाठते. मुंबईचा माणूस, घाटावरचा माणूस आणि बंदरावरचा माणूस असे तिघेही ज्या ठिकाणी चहाला थांबतात, त्या ठिकाणी जुन्या सामानाचा व्यापार न उगवता तरच नवल. असे दुकान म्हणजे चार खांबांवरचा पत्रा, पावसाळ्यात पुढे ओढलेली ताडपत्री, आणि तिच्याआड एकावर एक रचलेले सामान. नीट पाहू लागले म्हणजे एकेक वस्तू ओळख देऊ लागते. कडीपाटाच्या तुळया आणि दारांच्या चौकटी बाहेर उन्हात पडलेल्या. आत पितळी कड्यांचा झोपाळा, वेत फाटलेली आरामखुर्ची, उतरत्या झाकणाचे लिहिण्याचे डेस्क, भांड्यांची मांडणी, जाळीचे फडताळ, चौरंग, पाट, घडवंची, आणि तळाशी धान्याचा किंवा कपड्यांचा एखादा प्रचंड पेटारा, ज्याची कडी उचलण्यास दोन माणसे लागावीत.

हे सामान येथे येते कोठून? कोकणातील घर मोडण्याची कारणे सर्वांस ठाऊक आहेत. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ साली पनवेलच्या बाजूने सुरू झाले. पुढे ते दक्षिणेस सरकत गेले तशी रस्त्याकडेची घरे आणि दुकाने रुंदीकरणात गेली. जेथे रस्ता पोहोचला नाही तेथे वाटणी पोहोचली: चार भावांपैकी तीन मुंबईस, एक पुण्यास, आणि घरात राहणारे कोणी नाही, अशा स्थितीत कौले गळू लागतात आणि मग एके वर्षी घर उतरविण्याचा निर्णय होतो. जेथे वाटणीही नाही तेथे स्लॅबच्या घराची हौस आहे. या तिन्ही वाटांनी निघालेले लाकूड आणि सामान शेवटी टेंपोत चढते. रस्ता हवा, वाटणी अटळ, आणि गळक्या कौलांखाली म्हाताऱ्या माणसाने पावसाळे काढावेत असे म्हणण्याचा अधिकार मुंबईतल्या हौशी लेखकास नाही. घर मोडले म्हणून गळा काढण्याचा आमचा विचार नाही. घर मोडल्यावर त्यातील सामानाचे आम्ही काय करतो, एवढाच येथे प्रश्न आहे.

प्रथम विकणाऱ्याकडे वळू. ज्या पलंगावर घरातील तीन पिढ्या जन्मल्या तो पलंग विकताना त्याचे लाकूड कोणते, हे विकणाऱ्या चाकरमान्यास बहुधा ठाऊक नसते. रजा दोन दिवसांची, परतीची गाडी ठरलेली. अशा घाईत 'सगळे मिळून किती देता?' असा प्रश्न होतो, आणि फणसाचे फडताळ, सागाचा झोपाळा, पितळेचे दिवे व मोडकी छत्री यांचा एकच आकडा ठरतो. पुष्कळदा या व्यवहाराला सामोरी जाते ती घरी एकटी राहिलेली वृद्ध बाई. मुलगा दूरध्वनीवरून 'काय येईल ते घे आणि जागा मोकळी कर' असे सांगून मोकळा होतो. सरपणाच्या भावाने शिसवी चौरंग गेला हे तिला कधी कळतही नाही. घरातले जुने सामान म्हणजे दारिद्र्याची खूण, अशी समजूत एकदा मनात बसली म्हणजे मनुष्य ते विकत नाही, टाकतो. आणि जो टाकतो त्याला भाव करण्याचे सुचत नाही.

याहून मोठा अनर्थ पेटाऱ्याच्या पोटात होतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) गावोगाव हिंडले ते जुनी दप्तरे हुडकण्यासाठी; 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला तो वाईस हाती लागलेल्या कागदांवरून. असले कागद आमच्याकडे दगडी ग्रंथालयांत नसत, घरोघरच्या पेट्यांत आणि माळ्यांवर असत. आज पेटी विकताना कप्पे उघडून पाहण्याची तसदीसुद्धा घेतली जात नाही. वाटणीपत्रे, जमाखर्चाच्या वह्या, मुंबईच्या गिरणीतून आलेली पत्रे ही रद्दी म्हणून जातात, आणि ज्या कुटुंबाचा इतिहास त्यात होता ते कुटुंब नंतर पैसे देऊन वंशावळी तयार करवून घेते!

आता घेणाऱ्याकडे पाहू. येथे आमचा रोष अधिक आहे, कारण या वर्गाला आपण फार रसिक आहोत अशी खात्री असते. मुंबई, पुणे आणि गोवा येथील हौशी मंडळी व त्यांचे सजावटकार येथून सामान नेतात, आणि नेल्यावर त्याचे काय करतात ते पाहण्यासारखे असते. दाराची फळी आडवी करून तिच्यावर काच बसवितात आणि तिला जेवणाचे टेबल म्हणतात. उखळात निवडुंग लावतात. झोपाळ्याच्या साखळ्या काढून त्या भिंतीवर टांगतात आणि फळीचा बाक करतात. देव्हाऱ्यात मद्याच्या बाटल्या मांडलेल्याही पुष्कळांनी पाहिल्या असतील. कोठे लाकूड खरवडून, शंभर वर्षांच्या हातांनी आलेली झिलई उतरवून, त्यावर पांढरा रंग फासतात आणि पुन्हा तो मुद्दाम जागोजाग घासून 'जुनेपणा' आणतात! इंग्लंडात विल्यम मॉरिस याने १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी मंडळी स्थापिली ती या खरवडण्याविरुद्धच. जीर्णोद्धाराच्या नावाखाली दगडांची साल काढली जात होती, ती थांबवावी हा त्याचा आग्रह होता. आमच्या रसिकांनी दीडशे वर्षांनंतर तीच साल लाकडाची काढण्यास प्रारंभ केला आहे.

विकणारा म्हणतो, ही अडगळ आहे. घेणारा म्हणतो, हा शोभेचा जिन्नस आहे. वरवर पाहता यांच्या मतांत जमीनअस्मानाचे अंतर दिसते. पण थोडा विचार केला तर दोघांचेही एका गोष्टीवर पूर्ण एकमत असल्याचे आढळेल: ही वस्तू वापरण्यासाठी नव्हे. खुर्ची बसण्यासाठी आहे, फडताळ दूधदुभते मांजरापासून राखण्यासाठी आहे, डेस्क लिहिण्यासाठी आहे, ही गोष्ट या दोघांच्याही ध्यानातून गेलेली असते. जो या सर्वांच्या मध्ये उभा राहून खुर्ची खुर्ची म्हणूनच विकतो, तिचा मोडका पाय बसवून देतो आणि गिऱ्हाइकाला 'बसून बघा' म्हणतो, तो पत्र्याखालचा लहान दुकानदार आमच्या मते या व्यवहारातील सर्वांत शहाणा मनुष्य होय.

आमचे हे म्हणणे कोणास अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून चंदीगडचे उदाहरण देतो. त्या नव्या राजधानीच्या कचेऱ्या, न्यायालय आणि विद्यापीठ यांसाठी गेल्या शतकाच्या सहाव्या दशकात पिएर जान्नरे या वास्तुकाराने सागाच्या व वेताच्या साध्या खुर्च्या आखून दिल्या. कारकून त्यांवर बसले, प्राध्यापक बसले, आणि काही दशकांनी त्यांचे वेत फाटले तेव्हा त्या गच्चीवर आणि कोठारात रचून ठेवून मोडीच्या लिलावात काढल्या गेल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, दुरुस्त केल्या, आणि लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क येथील लिलावांत त्याच खुर्च्यांना लाखो रुपयांची बोली लागू लागली. तेव्हा आमचे डोळे उघडले आणि २०११ साली केंद्रीय गृहखात्याने असे सामान विकण्यास व बाहेर नेण्यास मनाई करणारा हुकूम काढला. तरीही परदेशांतील लिलाव पुढे चालूच राहिले. प्रथम मोडीत काढणे, नंतर परक्याने किंमत सांगितल्यावर पूजेत बसविणे, असे हे दोन टोकांचे वर्तन. या दोहोंच्या दरम्यान खुर्चीचा वेत वेळेवर विणून घेण्याची एक साधी कृती होती, ती मात्र कोणाला सुचली नाही.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप शकुनअपशकुनाचा. 'कोणाचा पलंग, त्यावर कोण मेले असेल, कोण जाणे!' असे म्हणतात. ज्या देशात प्रत्येक जुन्या वाड्यात, प्रत्येक रुग्णालयाच्या खाटेवर आणि आगगाडीच्या प्रत्येक बाकावर शेकडो माणसे येऊन गेली, त्या देशात हा आक्षेप टिकण्याजोगा नाही. पण त्याच्या पोटात दुसरा एक आक्षेप दडलेला असतो, तो उघडपणे बोलला जात नाही: 'कोणत्या जातीचा मनुष्य यावर बसला असेल?' ही शंका ज्याच्या मनात येते त्याने खुर्ची न घेतलेलीच बरी. खुर्चीचे नुकसान टळेल.

दुसरा आक्षेप सुधारकांकडून येतो, आणि त्याला आम्ही पुरता मान देतो. ते म्हणतात, हे झोपाळे आणि पलंग होते कोणाचे? कोकणातील खोताचे, सावकाराचे. कुळे खळ्यात उभी राहत आणि खोत ओटीवर झोपाळ्याच्या कड्या करकरवीत त्यांचा हिशेब करी. अशा वस्तूंविषयी हळहळ कसली? हे म्हणणे खरे आहे. खोतीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले, आणि १९४९ च्या कायद्याने ती पद्धती नष्ट झाली. त्यासाठी कोकणातील कुळांनी काय सोसले याचा विसर पडू देणे हा कृतघ्नपणा होईल. पण यावरून जुन्या बाजाराविरुद्ध काय सिद्ध होते? आमच्या मते याच्या नेमके उलट. खोताच्या ओटीवरचा झोपाळा खोताच्या ओटीवर होता तोवर त्यावर बसण्याचा अधिकार वंशाने ठरत होता. तोच झोपाळा पालीच्या नाक्यावर विक्रीस आला की ज्याच्या खिशात दाम आहे तो त्यावर बसतो, आणि तो घेणारा त्या खळ्यात हात जोडून उभ्या राहिलेल्या कुळाचा नातू असू शकतो. कायद्याने जमीन फिरविली. बैठक फिरविण्याचे काम हे लहानसे दुकान बिनबोभाट करीत आहे. शिवाय त्या झोपाळ्याची फळी तासली ती खोताने नव्हे, गावच्या सुताराने. त्याचे नाव कोणत्याही खतपत्रात नाही; त्याची सही म्हणजे ते काम. खोताच्या रागाने ते काम जाळणे म्हणजे कष्टकऱ्याचा पुरावा जाळणे होय.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: 'नवे स्वस्त मिळते, हलके असते, घरपोच येते; जुन्याचा उपद्व्याप कशाला?' या नव्याचे स्वरूप एकदा पाहावे. आज बाजारात जे स्वस्त कपाट मिळते ते लाकडाचे नसून लाकडाच्या चुऱ्याचे असते. भुसा व छिलके चिकट राळेत दाबून फळी करतात आणि वरून लाकडाचे चित्र छापलेला कागद डकवितात. कोरड्या हवेत ती फळी काही वर्षे निभावते. परंतु रत्नागिरीस वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथे ही फळी कडेने फुगते, स्क्रू भुशात पकड सोडतो, बिजागरी लोंबू लागते, आणि एकदा सुटलेला स्क्रू त्या भोकात पुन्हा घट्ट बसत नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. असल्या पुरानंतर चिखल उपसणाऱ्यास हा भेद कोणी शिकवावा लागत नाही. भुशाच्या फळ्या पाण्यात लापशीसारख्या होतात. भरीव लाकूड धुऊन, सावलीत वाळवून, पुन्हा उभे करता येते. ज्या वस्तूची दुरुस्ती होत नाही ती स्वस्त कशी, हे अर्थशास्त्र आम्हांला अद्याप उमगलेले नाही.

आणि ते जुने लाकूड आता मिळणार कोठून? किनाऱ्यावरच्या सधन घरांतून रंगूनचा साग समुद्रमार्गे येत असे. त्या सागाचा इतिहासही रत्नागिरीशी विलक्षण रीतीने जोडलेला आहे. १८८५ साली ब्रह्मदेशाच्या दरबाराने ओंडक्यांच्या हिशेबावरून बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या मुंबईच्या कंपनीस जबर दंड केला. तो तंटा इंग्रजांनी युद्धाचे निमित्त केला, राज्य घेतले, आणि थिबा राजास कैद करून पुढच्या वर्षी रत्नागिरीस आणून ठेविले. १९१० साली बांधून झालेल्या राजवाड्यात तो राहिला आणि १९१६ साली तेथेच वारला. ज्या सागापायी एका राजाचे सिंहासन गेले, त्या जातीचे लाकूड आम्ही सरपणाच्या भावाने विकतो आहोत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ब्रह्मदेशाने २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली आहे, आणि आपल्याकडील जुने वृक्षही तोडून तोडून विरळ झाले. हातभर रुंद अखंड फळी आज वखारीत सहसा दिसत नाही. ती दिसते जुन्या पेटाऱ्याच्या झाकणात. एक जुने फडताळ घरात आले म्हणजे एका झाडाची तोड टळते, हे पर्यावरणाच्या सभांतून टाळ्या घेणाऱ्या मंडळींनी ध्यानात घ्यावे.

चौथा आक्षेप सुतारांच्या कैवाऱ्यांचा: सर्वांनी जुनेच घेतले तर सुताराने खावे काय? प्रश्न योग्य आहे, पण रोख चुकला आहे. सुताराच्या पोटावर पाय येतो तो कारखान्यातून खोक्यात बंद होऊन येणाऱ्या, चाव्यांनी जोडावयाच्या सामानामुळे. त्याला सुताराचा हात लागतच नाही. जुनी वस्तू मात्र जन्मभर हात मागते. तिचा पाय बसवायचा, फट भरायची, पॉलिश द्यायचे, वेत विणायचा. वेत विणण्याची विद्या एके काळी अंधांच्या शाळांतून मुद्दाम शिकविली जाई आणि तीवर कित्येकांचे संसार चालत. खुर्च्या प्लॅस्टिकच्या झाल्या आणि बोटांतली ती विद्या निकामी ठरली. जुन्या खुर्च्यांना गिऱ्हाईक वाढेल तर ती विद्या परत येईल.

पाचवा आक्षेप जागेचा, आणि तो आम्हांस मान्य आहे. मुंबईच्या दीड खोलीत माचा मावत नाही, आणि चौथ्या मजल्यावर पेटारा चढत नाही. ज्याला जागा नाही त्याने चौरंग घ्यावा, तिवई घ्यावी, पाट घ्यावा. पण चारशे चौरस वारांचा बंगला बांधून त्यात भुशाची कपाटे भरणाऱ्यास हा आक्षेप घेण्याचा अधिकार नाही.

राहिला ढेकणांचा आणि वाळवीचा प्रश्न. तो भीतीने सुटत नाही, पारखीने सुटतो. वस्तू उलटी करून पाहावी. पुढची बाजू दुकानदार पुसतो, खालची कोणी पुसत नाही. बारीक भोके दिसली तर त्यांखाली ताजी पिठी पडते की काय पाहावे. पिठी नसेल तर कीड बहुधा जुनी आणि मेलेली. बोटाच्या पेराने ठोकावे: भरीव लाकूड एक आवाज देते, पोकळ दुसरा. सांधे पाहावेत, जुना सुतार एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून आरपार लाकडी खुंटी मारी, असा सांधा ढिला झाला तरी पुन्हा ठोकून घेता येतो. साग घासला असता तेलकट वास येतो. फणस नवा असता पिवळा व वयाने तांबूस तपकिरी होतो. घरी आणल्यावर वैशाखाच्या उन्हात चार दिवस ठेवावे, फटींत उकळते पाणी ओतावे, आणि नीट वाळल्यावर तेलाचा हात द्यावा. आमच्या आज्या दरवर्षी हेच करीत.

दुकानदाराची आम्ही वर स्तुती केली. आता त्याचेही कान धरले पाहिजेत. मागणी वाढली तशी लबाडीही वाढली आहे. नवे लाकूड काळवंडवून, त्यावर साखळीचे घाव घालून ते 'शंभर वर्षांचे' म्हणून विकणारे व्यापारी आहेत. प्रत्येक पलंग कोणत्या ना कोणत्या राजवाड्यातला असतो, आणि कोणतेही तांबूस लाकूड शिसवी असते. यांपैकी काहींस हेही ठाऊक नसते की पुरावस्तूंविषयीच्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी, कलाकौशल्य वा रीतिरिवाज दाखविणारी वस्तू पुरावस्तू ठरू शकते, तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो, आणि खाजगी मनुष्यास ती देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा 'शंभर वर्षांचे' ही थाप मारणारा व्यापारी खोटे बोलत असेल तर गिऱ्हाइकास फसवितो, आणि खरे बोलत असेल तर कायद्यास. दोहोंपैकी काय ते त्याने ठरवावे.

प्रामाणिक दुकानदाराकडून आम्ही एकच मागतो: एक वही. वस्तू कोणत्या गावाहून आली, कोणत्या कारणाने निघाली, लाकूड कोणते, आपण तीत काय बदलले, एवढे चार रकाने. ज्या घरातून वस्तू आली त्याचे नाव गुप्त राहू दे. गाव आणि साल पुरे. आज पालीहून निघालेला पेटारा मुंबईस पोहोचेपर्यंत 'राजस्थानी' होतो आणि दिल्लीस पोहोचेपर्यंत 'पोर्तुगीज'! चार ओळींची ती चिठ्ठी झाकणाच्या आत चिकटविली तर पन्नास वर्षांनी कोणी अभ्यासक दुकानदाराला दुवा देईल. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी १९२० च्या सुमारास दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे अशा रोजच्या वापरातील वस्तू गोळा करण्यास आरंभ केला, आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने ते संग्रहालय उभे केले. त्यांनी दाखविलेली दृष्टी थोर. परंतु संग्रहालय केवढेही मोठे असले तरी कोकणातील प्रत्येक घराचे फडताळ त्यात मावणार नाही, आणि संग्रहालयातील खुर्चीवर कोणास बसता येत नाही. उरलेल्या हजारो वस्तू जगवावयाच्या तर त्या घरांतच, लोकांच्या रोजच्या राबत्यातच जगवाव्या लागतील.

तेव्हा आमचे सांगणे थोडक्यात असे. ज्याला घर उतरवायचे आहे त्याने ते अवश्य उतरवावे, पण सामानाची यादी करावी, पेट्या स्वतः उघडून कागद वेगळे काढावेत, दोघातिघा व्यापाऱ्यांस दाखवून एकेका वस्तूचा भाव ठरवावा, आणि म्हाताऱ्या आईला त्या व्यवहारात एकटे सोडू नये. ज्याला घ्यायचे आहे त्याने आपल्याला लागणारी वस्तू घ्यावी आणि ती ज्या कामासाठी घडली त्याच कामाला लावावी. फडताळात भांडी ठेवावीत, पाटावर जेवावे, डेस्कावर मुलास अभ्यासास बसवावे. पाहुण्याने विचारले तर 'पालीच्या जुन्या बाजारातून आणले, इतक्याला पडले' असे मान वर करून सांगावे. लाज वाटायचीच असेल तर ती भर पावसाळ्यात फुगलेल्या भुशाच्या कपाटाकडे बोट दाखवून 'गेल्याच वर्षी नवीन घेतले' असे सांगताना वाटावी.